नकाशात वर कोण?

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. गुरुजी हातातील छडीने उत्तर दिशा दाखवीत आणि ती नेहमी वर असे. दक्षिण खाली, पूर्व उजवीकडे, पश्चिम डावीकडे. हा पाठ इतका पक्का झाला की, आजही घरातील एखाद्या लहान मुलास 'उत्तर कोठे?' असे विचारले तर ते पुष्कळदा छताकडे बोट दाखविते. आपण हसतो. परंतु नागपूरहून दिल्लीस निघालेला मनुष्य 'वर जातो' आणि हैदराबादेस निघालेला 'खाली जातो', असे आपणही सहज बोलून जातो. वस्तुतः हैदराबाद हे नागपूरपेक्षा समुद्रसपाटीपासून अधिक उंचावर आहे आणि दिल्ली नागपूरपेक्षा सखल आहे. म्हणजे पायाखालची जमीन एक सांगते आणि भिंतीवरचा कागद दुसरेच सांगतो. आणि आपण विश्वास ठेवतो तो कागदावर.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न वरवर भूगोलाचा दिसतो. पण थोडे खोल गेले असता तो नीतीचा आहे असे आढळून येते. जी गोष्ट माणसाने केवळ सोयीसाठी वर मांडली, ती मुळातच श्रेष्ठ आहे असे आपले मन केव्हा मानू लागते? आणि तसे मानल्याने कोणावर अन्याय होतो?

प्रथम नकाशाचेच पाहू. उत्तर वर असावी असा सृष्टीचा काही नियम नाही. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये इ. स. १३०० च्या सुमारास काढलेला जगाचा एक मोठा नकाशा जतन केलेला आहे. त्यात वरच्या बाजूस पूर्व आहे, कारण एदेन बाग पूर्वेस होती आणि ख्रिस्ती लोक प्राचीन काळापासून पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करीत आले होते. मधोमध यरुशलेम आहे. ज्याने तो नकाशा काढला त्याच्या दृष्टीने जगाचे मस्तक सूर्योदयाकडे होते. याच्याही पूर्वी, ११५४ साली, सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल् इद्रीसी या मुसलमान पंडिताने जगाचे नकाशे सिद्ध केले. त्यांत दक्षिण वर आहे. चीनमध्ये तर होकायंत्राला 'दक्षिण दाखविणारी सुई' असेच नाव पडले. सुई तीच, तिची दोन टोके तीच. कोणत्या टोकाला मान द्यावा हे मात्र माणसाने ठरविले.

मग उत्तर वर कशी आली? दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलग्रंथाची परंपरा उत्तर वर ठेवण्याची होती. पंधराव्या शतकाच्या आरंभी त्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातील विद्वानांत त्याचा प्रसार झाला. पुढे त्याच खंडातील लोक समुद्र ओलांडून जगभर गेले आणि त्यांचा नकाशा त्यांच्याबरोबर गेला. १५६९ साली मर्केटर याने दर्यावर्दी लोकांसाठी एक नकाशा केला. त्यावर एकाच दिशेने जाणारा मार्ग सरळ रेषेने दाखविता येतो, म्हणून नाविकांना तो वरदान ठरला. परंतु या सोयीसाठी ध्रुवांकडील प्रदेश ताणावे लागले. त्यामुळे ग्रीनलंड हे आफ्रिका खंडाएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. आपला भारतही ग्रीनलंडच्या सुमारे दीडपट मोठा आहे. मात्र त्या नकाशावर तो त्याच्यापुढे लहानसा भासतो. जहाजासाठी काढलेला नकाशा शाळेच्या भिंतीवर आला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्यावरून देशांचा थोरपणा मोजला. त्यात नाविकाची लबाडी नव्हती. एका कामासाठी केलेले साधन दुसऱ्याच कामाला लावले गेले, इतकेच.

या बाबतीत एका साधूचे स्मरण होते. इ. स. १४५० च्या सुमारास व्हेनिस येथील फ्रा माउरो नावाच्या मठवासी बंधूने जगाचा एक भव्य नकाशा तयार केला. त्यातही दक्षिण वर आहे. आशियाविषयी प्रवाशांकडून मिळालेली नवी माहिती नोंदविताना त्याच्या लक्षात आले की, यरुशलेम आता नेमके मध्यावर राहत नाही. भक्तिभाव एका बाजूस आणि प्रामाणिकपणा दुसऱ्या बाजूस असा हा पेच होता. त्याने नगर मध्यापासून सरकविले. मात्र नकाशावरच टीप लिहून त्याने असा खुलासा केला की, रिकाम्या भूमीचा नव्हे तर मनुष्यवस्तीचा विचार केला, तर यरुशलेम अजूनही मध्यस्थानीच आहे. त्याचा खुलासा आपणांस पटो वा न पटो. ज्या नगरावर त्याचे प्रेम होते, त्याच्यासाठीही त्याने पृथ्वीचे माप खोटे केले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

नकाशाप्रमाणेच भाषाही आपल्याला नकळत एका ठिकाणी उभे करते. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व आणि उजव्या हातास दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण' या शब्दाचा अर्थच उजवा असा आहे. इब्री भाषेतही हीच पद्धत आहे. पूर्वेचा शब्द 'समोर' या अर्थाचा, आणि 'यामीन' म्हणजे उजवा हात तसेच दक्षिण; बन्यामीन या नावात तोच शब्द आहे. पश्चिमेला मात्र इब्री मनुष्य 'समुद्र' म्हणतो, कारण त्याच्या देशाच्या पश्चिमेस समुद्र होता. कोकणातील वाचकास हे लगेच पटेल. परंतु चेन्नईत राहणाऱ्या वाचकाचा समुद्र पूर्वेस आहे, आणि इंदूर अथवा भोपाळच्या वाचकाला कोणत्याही दिशेला समुद्र नाही.

आपले 'दख्खन' हे नावही 'दक्षिण' या शब्दापासूनच आले आहे. कोणाच्या दक्षिणेस? अर्थात उत्तरेकडे उभ्या असलेल्या मनुष्याच्या. त्याने आपणांस दिलेले नाव आपण अभिमानाने स्वतःचे म्हणून मिरवितो. तसेच 'मध्यपूर्व' या शब्दाचे. पॅलेस्टाईन, इराक, अरबस्तान हे सर्व देश भारताच्या पश्चिमेस आहेत; ते पूर्वेस आहेत युरोपच्या. आपले सरकार त्या भागाला 'पश्चिम आशिया' म्हणते. आपण मात्र प्रभूच्या जन्मभूमीविषयी बोलताना पुष्कळदा लंडनमध्ये उभे राहून बोलत असतो आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

आता ऋतूंकडे वळू. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षाच्या एका भागात उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि दुसऱ्या भागात दक्षिण गोलार्ध. डिसेंबरात आपल्याकडे थंडी असते ती सूर्य दूर गेल्यामुळे नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभीच, आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी. प्रश्न जवळिकीचा नसून कलाचा आहे. त्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका येथे उन्हाळा असतो. सिडनीत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून तेथे ज्यांना घरात ऊन यावे असे वाटते ते घराचे तोंड उत्तरेकडे करतात. घड्याळाचे काटे ज्या बाजूने फिरतात ती बाजूही उत्तर गोलार्धातील छायायंत्रावरून आलेली आहे. दक्षिणेकडील छायायंत्रावर सावली उलट फिरते. घड्याळाचा शोध तिकडे लागला असता, तर कदाचित जगभरचे काटे उलटे फिरले असते आणि आपण त्यालाच 'सुलटे' म्हटले असते.

हे सारे पाहण्यासाठी सिडनीस जाण्याचीही गरज नाही. मे महिन्याच्या मध्यास मुंबईत एक दिवस असा येतो की, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईकराचा मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेस पडते. दिल्लीतील आमच्या वाचकांना हा अनुभव कधीच येत नाही. पावसाचेही तसेच. जूनमध्ये केरळ आणि कोकण भिजतात. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. 'पावसाळा म्हणजे जून' हे वाक्य एकाच देशात एका घरी खरे आणि दुसऱ्या घरी अपुरे ठरते.

ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात नूंगार नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या परंपरेत वर्षाचे सहा ऋतू आहेत. आपल्यालाही वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत व शिशिर असे सहाच ऋतू ठाऊक आहेत. इंग्लंडहून तेथे वस्तीस गेलेले लोक मात्र आपले चार ऋतू पेटीत भरून घेऊन गेले. तिकडचा मार्च शरदाचा आणि सप्टेंबर वसंताचा, एवढी अदलाबदल त्यांनी केली. परंतु त्या भूमीला स्वतःची काही वेगळी चाल असेल आणि ती जाणणारे लोक तेथे हजारो वर्षे राहत आहेत, हे विचारण्याचे पुष्कळांना फार काळ सुचले नाही.

आपणही याहून फार वेगळे वागलो असे म्हणता येत नाही. नाताळच्या झाडावर कापूस चिकटवून आपण बर्फ केला. बेथलेहेमातही हिम क्वचितच पडते याचा विचार केला नाही. कापसाने कोणाचे पाप होत नाही हे खरे. पण ज्याने स्वतःच्या अंगणातील ऋतू कधी प्रभूच्या जन्मोत्सवात आणला नाही, त्याला हा उत्सव कोठेतरी दूरच्या थंड देशाचा आहे असे वाटत राहण्याचा संभव असतो. उपासना या मातीच्या छंदात आणि सुरात व्हावी म्हणून रेव्ह. नारायण वामन टिळक झटले, त्यामागे हीच जाणीव होती.

आता एक कठीण प्रश्न. उत्तर गोलार्धात नाताळनंतर दिवस मोठा होऊ लागतो. अंधार हटतो, प्रकाश वाढतो, या दृश्यात प्राचीन ख्रिस्ती आचार्यांनी खोल अर्थ पाहिला. ईस्टर वसंतात येतो आणि सुक्या फांदीला पालवी फुटलेली पाहून पुनरुत्थानाची आठवण होते. पण दक्षिण गोलार्धात नाताळनंतर दिवस लहान होऊ लागतो आणि ईस्टर येतो तो शरदात, पाने पिकू लागतात तेव्हा. मग तेथील ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? त्याचा विश्वास काय अर्ध्या पृथ्वीचा?

दक्षिण ऑस्ट्रेलियातील शेतकरी ईस्टरच्या सुमारास गव्हाच्या पेरणीच्या तयारीस लागतो. आमच्या महाराष्ट्रात त्याच सुमारास गव्हाची कापणी उरकत आलेली असते, आणि पॅलेस्टाईनमध्ये वल्हांडणाच्या वेळी सातूचे पीक कापणीस येते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, हा प्रभूचा दृष्टान्त आपण जाणतो. एका गोलार्धात तो दाणा मातीत पडत असतो, दुसऱ्या गोलार्धात तोच कणसातून हाती येत असतो. दृष्टान्ताचा अर्धा भाग तेथे डोळ्यांपुढे घडतो आणि अर्धा येथे. आपल्याला पालवीतून जे दिसले ते खोटे नव्हते. ते अर्धे होते. उरलेले अर्धे पाहण्यासाठी दक्षिणेकडील बंधूला विचारावे लागते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, 'वर-खाली ही वहिवाट, ऋतूही ज्याचा त्याचा. मग सत्य-असत्य, न्याय-अन्याय ही देखील वहिवाटच का म्हणू नये?' हा आक्षेप हलका नाही. आपल्या काळात पुष्कळ सुशिक्षित माणसे याच वाटेने जातात. परंतु नकाशानेच याचे उत्तर दिले आहे. कोणती कड वर ठेवावी हे माणसाने ठरविले. किनारा कोठे आहे आणि खडक कोठे आहे हे त्याने ठरविलेले नाही. दक्षिण वर असलेल्या नकाशानेही जहाज बंदरास लागते. पण खडक चुकीच्या जागी दाखविलेल्या नकाशाने ते फुटते, मग वर कोणतीही दिशा असो. पृथ्वीचा कल सिडनीत आणि पुण्यात एकच आहे; म्हणून तर दोन्हीकडचे ऋतू निराळे आहेत. तेव्हा दिलेले काय आणि ठरविलेले काय, हा विवेक सुटता कामा नये. जे दिलेले आहे त्याला वहिवाट म्हणणे ही एक चूक. आणि जी वहिवाट आहे तिला देवाने दिलेले म्हणणे ही दुसरी. धार्मिक माणसांच्या हातून अधिक घडते ती दुसरी.

ती चूक किती महाग पडते हे पाहण्यास आपली गावे पुरेशी आहेत. गावाचाही एक नकाशा असतो. वरची आळी, खालची आळी आणि वेशीबाहेरची वस्ती. तो कोणा मर्केटरने काढलेला नाही आणि कागदावरही नाही. पण पाणवठ्यावर आणि पंगतीत तो शेकडो वर्षे पाळला गेला. काही माणसांनी स्वतःला मध्यावर आणि वर ठेवले, आणि पुढे तीच सृष्टीची रचना आहे असे सांगितले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या वेशीबाहेरच्या वस्तीतून प्रभूकडे आले. तो नकाशा आम्ही टाकून दिला, असे आपण म्हणतो. पण मुलामुलींचे लग्न जुळविताना, मंडळीत पंच निवडताना, पुढचे बाक कोणाचे आणि मागचे कोणाचे हे मनात ठरविताना, तोच जुना कागद आपण हळूच उलगडून पाहत नाही काय? हे प्रत्येकाने आपल्या घराचे दार लावून स्वतःला विचारावे.

पवित्र शास्त्रातील 'वर' आणि 'खाली' हे शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. गालील यरुशलेमच्या उत्तरेस आहे. आमच्या शाळेच्या नकाशाप्रमाणे गालीलातून यरुशलेमेस येणारा खाली यावयास हवा. पण शुभवर्तमानांत तो वर जातो, कारण नगर डोंगरावर आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली आहे. त्या उतरणीच्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याची गोष्ट प्रभूने सांगितली. ती ज्याला सांगितली त्या शास्त्र्याचा प्रश्न आठवा. माझा शेजारी कोण, असे त्याने विचारले. हा नकाशा काढणाऱ्याचा प्रश्न आहे. मध्यावर मी, आता माझ्याभोवतीचे वर्तुळ किती दूरवर काढू आणि कोणाला बाहेर ठेवू, ते सांगा.

प्रभूने त्या वर्तुळाची लांबी सांगितली नाही. गोष्ट संपल्यावर त्याने उलट विचारले की, त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? म्हणजे मध्य बदलला. आता मध्यावर शास्त्री नाही. वाटेच्या कडेला अर्धमेला पडलेला मनुष्य आहे, आणि याजक, लेवी व शोमरोनी हे सर्व त्याच्यापासून किती दूर वा जवळ आहेत हे मोजावयाचे आहे. ज्या शोमरोनी माणसाला शास्त्र्याच्या नकाशात कडेचीही जागा नव्हती, तो या नकाशात सर्वांत जवळ आला. वाट तीच होती, उतरण तीच होती. बदलले ते इतकेच की, आपण कोठे उभे राहून पाहतो.

१९७२ च्या ७ डिसेंबरला अपोलो-१७ या यानातील अंतराळवीरांनी संपूर्ण पृथ्वीचे एक छायाचित्र घेतले. ते पुढे जगभर प्रसिद्ध झाले. मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वरच्या बाजूस होता; लोकांना ओळखीचे वाटावे म्हणून ते फिरवून छापण्यात आले. तेथे अंतराळात वर-खाली काही नव्हते. वर-खाली होते ते पाहणाऱ्यांच्या मनात.

आपण नकाशे टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. कोठेतरी उभे राहिल्यावाचून कोणालाच काही दिसत नाही, आणि कोणत्यातरी कडेला वर धरल्यावाचून नकाशा वाचता येत नाही. आपल्या गावाला मध्य मानून निघणे हा दोष नव्हे. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहून तोच प्रदेश कसा दिसतो हे कधीच न पाहणे, हा दोष आहे. वाचकहो, आज घरातील मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातील जगाचा नकाशा काढा आणि तो एकदा उलटा धरा. प्रथम हसू येईल. नंतर देश ओळखू येणार नाहीत. थोडा वेळ तसाच धरून ठेवलात, तर हळूहळू ओळखू येऊ लागतील. मग पुस्तक मिटून आपल्या मंडळीत शेवटच्या बाकावर कोण बसते ते आठवा. आणि पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी बसून, तेथून वेदी कशी दिसते ते पाहा.